घळीतून आणलेलं पाणी

मी काही फार देवभोळी बाई नाही. आमच्या सासूबाईंना पाल चुकचुकली तरी त्यात देवाचा शब्द ऐकू यायचा, आणि मला मात्र पाल चुकचुकली की पालच चुकचुकली असं वाटायचं. त्यामुळे ह्यांच्या दुखण्यात सासूबाईंनी वरच्या कुंडाच्या पाण्याचा नवस बोलला, तेव्हा मी तोंडानं ‘बरं’ म्हटलं आणि मनात म्हटलं, माणूस इथं पाण्यावाचून तळमळतोय आणि आपण पाणी घालायला निघालो देवाला. कारण वैद्यबुवांनी ह्यांचं पाणी बंद केलं होतं. ताप चढलेल्या माणसाला पाणी दिलं तर ताप पोटात शिरतो, असं तेव्हा सगळेच मानत. सुंठीच्या काढ्याचे दोन घोट द्यायचे आणि ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे, बस. हे पडल्या पडल्या ‘पाणी, पाणी’ करत. मग नुसते ओठ हलू लागले, आणि पुढं पुढं तेही हलेनात. डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. वैद्यबुवा कडाव गावाहून येत, नाडी बघत आणि उंबऱ्याबाहेर जाऊन मामंजींशी हळू आवाजात बोलत. काय बोलत ते मला कुणी सांगितलं नाही. पण मामंजी आत येऊन ह्यांच्या पायाशी गप्प बसले, की मला कळायचं.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याचं, भातशेतीचं. गावाजवळून वाहणारी नदी वर सह्याद्रीत जिथं कातळातून उतरते, तिथं एक काळंभोर कुंड आहे. उन्हाळ्यातही ते आटत नाही. शिवरात्रीला तिथं जत्रा भरते. डोंगराच्या सोंडेवरून जाणारी वाट अशी मळलेली, की पोरंटोरं गाणी म्हणत चढतात. आगगाडी सुरू झाल्यापासून तर कर्जतला उतरून मुंबईचे हौशी लोकही येऊ लागले होते. छत्र्या काय, शिदोरीच्या पेट्या काय! पण येणारा जो तो कुंडापर्यंत जाई, हातपाय धुई आणि आल्या वाटेनं परत फिरे. कुंडाच्या खाली नदी दोन कड्यांच्या मध्ये शिरते, ती घळ. तिथं वाटही नाही आणि कुणाचं काही कामही नाही. कुणी म्हणे तिथं वाघ आहे, कुणी म्हणे पाण्यातल्या आसरा, माणसाला ओढून नेणाऱ्या, तिथं आहेत. न बघितलेल्या जागेबद्दल माणसं फार खात्रीनं बोलतात.

नवसाची रीत अशी होती. आजारी माणसाच्या बायकोनं कुंडाचं पाणी कळशीत भरायचं आणि आणून गावच्या महादेवावर घालायचं. कुंडापासून देवळापर्यंत कळशी खाली टेकता कामा नये. जमिनीला नाही, दगडाला नाही, झाडाच्या फांदीलासुद्धा नाही. आणि ती परक्या हाताला लागता कामा नये. दमलीस तर घरच्याच माणसाच्या हातात दे, विसावा घे, पुन्हा उचल. म्हणजे बरोबर घरचं कुणीतरी हवं. सासूबाई आजाऱ्यापासून हलणार नव्हत्या, मला दीर नव्हता, मुलगी लहान. राहता राहिले मामंजी.

इथंच माझी पंचाईत झाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यापुढं यायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोरासमोर बोलणं तर लांबच. काही सांगायचं झालं तर सासूबाईंना सांगायचं. त्या नसल्या तर गोठ्याकडं तोंड करून म्हशीला सांगायचं, ‘म्हशे, भाकऱ्या झाल्यात गं, जेवायला यावं म्हणावं.’ ओटीवरून मामंजी म्हणायचे, ‘म्हशीला सांगा, आलोच.’ पहिल्या वर्षी मला हसू आवरायचं नाही. मग सवय झाली. मामंजी माणूस शांत, कष्टाळू, गळ्यात माळ. पण इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा धड बघितला नव्हता. त्यांचे पाय मात्र कुठंही ओळखले असते.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. शिमगा होऊन गेला होता, उन्हाचा चटका वाढला होता. ते पुढं, मी बरंच मागं. सकाळी कुंडावर पोचलो, मी ओल्या लुगड्यानं कळशी भरली, तोंडावर पळसाची पानं घालून फडक्यानं बांधली आणि डोक्यावर घेतली. हात जोडले तेव्हा मागणं एकच होतं, हे जगू देत. दुसरं काही सुचलंच नाही. आणि परतायला वळते तर समोर सोंडेवर धूर. सुकलेल्या गवताला कुठंतरी खालच्या अंगानं वणवा लागला होता आणि वारा त्याला वाटेवरूनच वर घेऊन येत होता. बघता बघता जाळ दिसू लागला. आम्ही ज्या वाटेनं आलो होतो ती वाटच पेटली होती. वणवा विझायची वाट बघावी तर कदाचित दुसरा दिवस उजाडेल, आणि घरी पडलेल्या माणसाला दुसरा दिवस होता की नव्हता कुणास ठाऊक. मामंजी धुराकडं बघत उभे राहिले. मग घळीकडं बघितलं. मग इकडंतिकडं बघू लागले, आणि मला कळलं की ते म्हैस शोधतायत.

शेवटी ते कळशीकडं बघून म्हणाले, “कळशीबाय, पाणी ज्या वाटंनं गावात जातं, त्या वाटंनं आपुन जाऊ. जमंल का?”

मीही कळशीलाच म्हणाले, “जमवायला लागंल, म्हणावं.”

त्या घळीत उतरले आणि मला कळलं की वाट ही केवढी मोठी गोष्ट आहे. वाट म्हणजे आपल्या आधी कुणीतरी इथून सुखरूप गेलंय याचा दिलासा. इथं तो नव्हता. दोन्ही अंगांना कडे, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, आणि मध्ये हत्तीएवढाले दगड एकमेकांवर पडलेले. कुठं शेवाळलेला डोह, त्याच्या काठानं कातळाला चिकटून जायचं. कुठं दोन दगडांमध्ये फट, तीत पाय गेला की गेलाच. मामंजी पुढं जाऊन पायानं दगड चाचपायचे आणि म्हणायचे, “कळशीबाय, हा दगड हलतो.” उतार आला की मी खाली वाकून कळशी द्यायची, त्यांनी घ्यायची, आणि मी उतरले की परत माझ्या डोक्यावर. देताघेताना त्यांच्या हाताला माझा हात लागू नये म्हणून मी कळशी बुडाला धरायची, ते काठाला धरायचे. त्या कसरतीत दोनदा पाणी हिंदकळलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. माणसाचा जीव टांगणीला लागला होता आणि आम्ही एकमेकांची बोटं चुकवत होतो. आज आठवलं की वाटतं, केवढी ही आमची तऱ्हा! पण तेव्हा ते दोघांनाही चुकीचं वाटत नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तसं आम्ही एका कड्याशी येऊन थांबलो. पावसाळ्यात तिथं धबधबा पडत असणार. आता नुसता गुळगुळीत कातळ होता, दोन पुरुषांच्या वर उंच, आणि त्याच्या मधोमध पावलं टेकण्यापुरती एक कपार. बाजूनं कुठूनच उतरायला जागा नव्हती. मामंजी आधी उतरले. कपारीपर्यंत नीट गेले, पुढं पाय सुटला आणि घसरत खाली आपटले. गुडघा चांगलाच सोलला. उठून उभे राहिले, हात वर केले, पण त्यांचे हात जेमतेम कपारीपर्यंत पोचत होते. मी वर, कळशी माझ्यापाशी. उतरायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. पाठीला बांधावी तर पाणी सांडणार. खाली ठेवावी तर नवस मोडला. मागं वळावं तर धूर. मी कळशी पोटाशी धरून तिथंच बसले आणि रडले. देवाला म्हटलं, तुला पाणी हवंय ना? मग ये आणि घे. आमचं जमत नाही आता. ही काही भक्ताची प्रार्थना नव्हे, वैतागलेल्या बाईचं बोलणं होतं. पण खरं सांगायचं तर तेवढं मनापासून मी देवाशी आधी कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात खालून आवाज आला. बघते तर एक कातकरीण दगडांमधून वर येत होती. माझ्याच वयाची असेल. गुडघ्यापर्यंत लुगडं, कमरेला खेकड्यांची टोपली, आणि छातीशी झोळीत तान्हं पोर. घळीतल्या डोहात खेकडे धरायला आली असणार. तिनं मामंजींचा गुडघा बघितला, मग वर मला बघितलं, कळशी बघितली. मामंजींनी हातवारे करून काहीतरी सांगितलं. ती काहीतरी म्हणाली; तिची बोली मला पुरती कळली नाही. मग तिनं झोळी सोडली आणि आपलं पोर मामंजींच्या हातात दिलं. असं, सहज. ओळख ना पाळख. माझे मामंजी, ज्यांच्यापुढं अख्खं गाव जपून बोलायचं, ते त्या नागड्या पोराला दोन्ही हातांत धरून खुळ्यासारखे उभे. आणि ती सरसर चढून कपारीवर आली, कातळाला पाठ लावली आणि माझ्याकडं दोन्ही हात पसरले.

मी कळशी दिली नाही. माझे हातच पुढं होईनात. परक्या हाताला लागता कामा नये, आणि हा तर कातकरणीचा हात. गावात तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, तर देव कसा घेणार? एवढं जपून आणलं ते इथं एका क्षणात फुकट जाणार. ह्यांचा जीव जणू त्या कळशीत होता आणि मी तो आवळून धरला होता. ती बाई हात पसरून उभीच. तिला माझी अडचण कळली असेल का? कळलीच असेल. अशा नजरा तिला नव्या नसणार. पण तिनं हात मागं घेतले नाहीत.

तेव्हा खालून मामंजी बोलले. कळशीशी नाही, म्हशीशी नाही. सरळ माझ्याकडं वर बघून म्हणाले, “दे बाय. तिच्या हातात दे. तिनं बघ काय दिलंय आपल्याला.”

मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. डोळे भरलेले. पोरानं त्यांच्या गळ्यातली माळ मुठीत पकडली होती. मी कळशी तिच्या हातात दिली. ती तिनं डोक्यावर घेतली, एका हातानं सावरली आणि दुसऱ्या हातानं माझं पाऊल धरून कपारीवर टेकवलं. मग कळशी मला देऊन ती खाली उतरली, मी वाकून पुन्हा तिच्या हातात दिली आणि कातळाला धरून उतरले. शेवटी पाय घसरला तर मामंजींनी पोर एका हातावर घेऊन माझा दंड धरला, घट्ट. दोघांनाही काही वाटलं नाही. तिनं आधी कळशी माझ्या डोक्यावर ठेवली आणि मग आपलं पोर घेतलं. पोरानं मामंजींना बंडीसकट ओलं केलं होतं. ती हसली, मीही हसले, आणि मामंजी म्हणाले, “अंघूळ झाली म्हनायची.”

घळ संपेपर्यंत ती पुढं चालत राहिली. तिलाही काही तिथं मळलेली वाट होती असं नाही; खेकड्यांमागं डोह धुंडाळत ती वर आली होती. एकदोनदा चुकली, परत फिरली. पण आता आम्ही तिघं होतो, आणि कळशी तिघांत फिरत होती. जिथं शेतं दिसू लागली तिथं ती थांबली. मामंजींनी शिदोरीची भाकरी तिच्यापुढं केली. तिनं अर्धी मोडून घेतली, अर्धी परत दिली आणि वळली. नाव विचारायचं मला सुचलं नाही. मी फक्त तिच्या पोराच्या गालाला हात लावला.

पुढच्या वाटेवर मामंजी माझ्या बरोबरीनं चालत होते. चालता चालता म्हणाले, “ह्याला मी असा कवा घेतलाच नाय गं. आबा हुते ना घरात. बापादेखत आपलं पोर उचलायची लाज वाटायची. मंग तो मोठाच झाला.” ह्यांच्याबद्दल बोलत होते ते. मी कळशी सावरली. म्हटलं, “मामंजी, बरे होतील ते.” एवढंच, पण त्यांना समोरून हाक मारून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

देवळात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गुरवबाबा म्हातारे, साधे. कळशी आत घेण्याआधी रीतीप्रमाणं त्यांनी विचारलं, “टेकली नाय ना कुठं?” मामंजी म्हणाले, “नाय.” “परक्या हाताला लागली नाय ना?” मामंजी माझ्याकडं वळून म्हणाले, “बाय, कळशी तुजी हाय. तू सांगशील तसं.” एक ‘नाही’ म्हटलं असतं की झालं असतं. घळीत काय झालं ते तिथं कुणाला माहीत होतं? शब्द ओठांवरही आला होता. पण त्या शब्दात मला तिचे हात पुसून टाकावे लागणार होते, आणि तिच्यावाचून ते पाणी अजून त्या कड्यावरच असतं. मी म्हटलं, “लागली, बाबा. एका कातकरणीनं उतरवून घेतली. तिनं तिचं पोर आमच्याकडं दिलं हुतं.” गुरवबाबांनी पुढं केलेले हात मागं घेतले. म्हणाले, “मला नाय घेता यायची, पोरी. गाव मला विचारंल.” आणि आत जाऊन देवावरचा बेल आणून त्यांनी माझ्या पदरात घातला. त्यांचा मला राग आला नाही. मला माझाच आला. वाटलं, मी माझ्याच तोंडानं माझं कुंकू पुसलं.

घरी आले तरी कळशी कमरेवरच. सासूबाई विचारत होत्या, मामंजी सांगत होते, आणि मी ह्यांच्याकडं बघत होते. दिव्याच्या उजेडात ह्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडं नाही, कळशीकडं लागले होते. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. म्हटलं, देवाच्या दारातून परत आलेलं हे पाणी ठेवायचं तरी कुठं? ज्यानं मागितलं त्याला का नाही द्यायचं? मी फडकं सोडलं आणि वाटी भरली. सासूबाई धावल्या, “अगं, वैद्यबुवांनी नको म्हटलंय, मारशील त्याला!” त्यांनी माझा हात धरला. मी मामंजींकडं बघितलं. ते पुढं झाले. ह्यांच्या उशाशी बसले, ह्यांना खांद्याला धरून उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. एवढा थोरला मुलगा, दाढी वाढलेला, हाडं टोचणारा. त्याला त्यांनी तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं आणि तोंड उघडायला लावलं. सासूबाईंनी माझा हात सोडला आणि पदर तोंडाला लावला. मी थेंब थेंब पाजलं. एक वाटी, मग थोडं थांबून आणखी. मामंजींनी ह्यांना मांडीवरून खाली ठेवलंच नाही. सकाळी बघितलं तर ह्यांच्या कपाळाला घाम होता आणि मामंजींची बंडी भिजली होती. उन्हं वर आली तशी ह्यांनी पेज मागितली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वैद्यबुवा म्हणाले, काढा लागू पडला. सासूबाई म्हणत, नवस पावला, पाणी घातलं नाही तरी पावला. आजकालचे शिकलेले म्हणतात, तापात पाणी दिलं म्हणूनच वाचले. मला कुणाशी वाद घालायचा नाही. माझा माणूस उठून शेतावर गेला, माझं तेवढ्यानं भागलं. एक मात्र कळलं. देवाच्या हवाली करायचं, असं आपण फार सहज म्हणतो. पण देवाचा हात काही दिसत नाही. जो हात आपल्यापुढं येतो त्याच हातात द्यावं लागतं, आणि तो हात आपल्याला हवा तसला असेलच असं नाही. मूठ सोडायची तेवढी आपल्याकडं असते.

गावातल्या बायका मला सांगतात, ती कातकरीण नव्हेच, साक्षात पार्वती आली होती. त्यांचा भाव मी मोडत नाही. पण मी तिला देवी करत नाही. देवी म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं. तिच्या पोराला ताप आला असेल तेव्हा तिच्यापुढं कुणी हात केला का, हे मग विचारावं लागत नाही. म्हणून तिन्हीसांजेला दिवा लावते तेव्हा मी पहिलं आयुष्य मागते ते त्या घळीतल्या पोराला. माझ्या घरच्यांची नावं त्याच्यानंतर येतात.